उत्तर ७७ हवे, येते ९९

प्रश्न: मी बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या प्रथम वर्षात शिकते. पायथनच्या प्रात्यक्षिकासाठी आम्हाला पुढील प्रोग्राम दिला आहे. १ पासून दिलेल्या मर्यादेपर्यंतच्या, मर्यादा धरून, सर्व मूळ संख्यांची बेरीज काढणारे फंक्शन लिहायचे. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे तपासणारे फंक्शन वेगळे हवे. मर्यादा २० असता उत्तर ७७ यावे, असा नमुना दिला आहे. माझ्या प्रोग्रामने आधी १९ छापले आणि त्याखाली ‘उत्तर: नन’ (None, म्हणजे ‘काहीच नाही’) असे छापले. काही ओळी हलवल्यावर १९० आले, आणखी बदल केल्यावर ९९ आले, आणि आता ते ९९ वरून हलत नाही. रेंजमध्ये (लूप कोठून कोठपर्यंत चालवायचा ते सांगणाऱ्या भागात) मर्यादेला १ मिळवून पाहिला, पण काहीच फरक पडला नाही म्हणून तो काढून टाकला. दोन्ही फंक्शनमध्ये ‘संख्या’ हेच नाव आहे, त्याने गोंधळ होत असेल का? मैत्रीण म्हणते की लूप वर्गमूळापर्यंतच चालव. कोठेही एरर येत नाही, त्यामुळे चूक शोधायची कशी, हेच समजत नाही. पहिला प्रोग्राम सोबत पाठवत आहे.
— एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर: तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे तुम्ही चुकीची उत्तरेही लिहून पाठवली आहेत. बहुतेक विद्यार्थी ‘प्रोग्राम चालत नाही’ एवढेच कळवतात. १९, नन, १९० आणि ९९ या चार उत्तरांत तुमच्या प्रोग्रामची जवळजवळ सगळी हकीकत आहे. चुकीचे उत्तर आले की ओळ बदलायची आणि पुन्हा रन करायचे, ही सवय तुम्हाला लागली आहे, आणि ती आधी थांबवावी असे माझे स्पष्ट मत आहे. आलेले उत्तर नेमके तेच का आले, हे सांगता येईपर्यंत एकाही ओळीला हात लावू नये. त्याच पद्धतीने या चार उत्तरांकडे पाहू.

प्रथम तुमचा प्रोग्राम इतर वाचकांसाठी शब्दांत मांडतो. पहिले फंक्शन ‘मूळ_आहे’. ते एक संख्या घेते. त्यात फॉर लूप (त्याच ओळी पुनःपुन्हा चालवणारी रचना) असून ‘विभाजक’ हे व्हेरिएबल २ पासून त्या संख्येच्या आधीच्या संख्येपर्यंत फिरते. लूपच्या आत इफ आहे: विभाजकाने निःशेष भाग गेला तर रिटर्न फॉल्स (‘खोटे’ असे उत्तर परत देणे), एल्स, म्हणजे नाहीतर, रिटर्न ट्रू (‘खरे’ असे उत्तर परत देणे). दुसरे फंक्शन ‘मूळ_बेरीज’. ते मर्यादा घेते, रेंज(१, मर्यादा) या पल्ल्यात लूप चालवते, लूपच्या आत पहिल्या ओळीत बेरीज शून्य करते, संख्या मूळ असल्यास ती बेरजेत मिळवते आणि लूप संपल्यावर बेरीज प्रिंट करते. शेवटी मुख्य भागात ‘उत्तर’ या व्हेरिएबलमध्ये मूळ_बेरीज(२०) ठेवून ते छापले आहे.

आता १९ कोठून आले ते पाहा. बेरीज शून्य करणारी ओळ लूपच्या आत असल्यामुळे ती प्रत्येक फेरीत चालते, म्हणजे आधीच्या फेरीत जमलेले सगळे पुढच्या फेरीच्या आरंभी पुसले जाते आणि लूप संपताना फक्त शेवटच्या फेरीचे उत्तर हातात उरते. शेवटच्या फेरीत संख्या १९ होती, ती मूळ ठरली, म्हणून १९. हे स्पष्टीकरण खरे असेल, तर मर्यादा १९ दिल्यावर शेवटची फेरी १८ ची होऊन ० छापले गेले पाहिजे. तुमचा पहिला प्रोग्राम १९ देऊन चालवून पाहा. स्पष्टीकरणावरून पुढचे उत्तर आधी सांगता येणे आणि मग ते तसेच येणे, ही चूक सापडल्याची खूण आहे. नुसती शंका आल्यावर ओळ हलवली आणि योगायोगाने उत्तर बदलले, तर ती खूण मिळत नाही.

त्याखालच्या ‘नन’चा लूपशी काही संबंध नाही. प्रिंट पडद्यावर दाखवते. रिटर्न ज्याने फंक्शनला बोलावले त्याच्या हाती मूल्य देते. तुमच्या मूळ_बेरीज फंक्शनने बेरीज पडद्यावर दाखवली, परंतु परत काहीच दिले नाही, आणि पायथनमध्ये जे फंक्शन रिटर्नविना संपते ते ‘नन’ हे मूल्य परत देते. तेच ‘उत्तर’मध्ये जाऊन बसले आणि छापले गेले. प्रश्नात ‘बेरीज काढणारे फंक्शन’ म्हटले आहे, बेरीज छापणारे नव्हे. म्हणून फंक्शनच्या शेवटी रिटर्न बेरीज लिहा आणि छापण्याचे काम मुख्य भागाकडे राहू द्या. पडद्यावर आकडा दिसला म्हणजे फंक्शनने तो दिला, हा समज पहिल्या वर्षात फार आढळतो, आणि दोष शोधताना तो पुनःपुन्हा आड येतो.

१९० ची गोष्ट अधिक मनोरंजक आहे, कारण तो बदललेला प्रोग्राम तुम्ही पाठवलेला नाही. १ ते १९ या सर्व संख्यांची बेरीज १९० होते. याचा अर्थ बेरीज शून्य करणारी ओळ तोवर तुम्ही लूपच्या बाहेर नेली होती आणि त्या वेळी प्रत्येक संख्या, ४ आणि १८ सुद्धा, मूळ ठरत होती. असे होण्याचे सर्वांत संभाव्य कारण म्हणजे इफच्या ओळीत मूळ_आहे(संख्या) ऐवजी नुसते मूळ_आहे राहिले असावे. कंस नसतील तर फंक्शन चालतच नाही. त्या ठिकाणी केवळ फंक्शन ही वस्तू उभी असते, आणि इफपुढे अशी वस्तू ठेवली की पायथन तिला खरेच मानते. म्हणून एरर नाही, तक्रार नाही, आणि सगळ्या संख्यांना प्रवेश. त्या १९० मध्ये आणखी एक गोष्ट दडलेली होती: लूप खरोखर २० पर्यंत गेला असता तर उत्तर २१० आले असते. १९० आले, म्हणजे २० ची फेरी झालीच नाही. तुम्ही शोधत असलेल्या शेवटच्या दोषाचा पुरावा त्याच वेळी पडद्यावर होता.

आता ९९ कडे येऊ, कारण येथेच तुम्ही अडला आहात आणि येथेच सर्वांत जास्त शिकण्यासारखे आहे. हवे ७७, आले ९९, फरक २२. या फरकाकडे पाहून विचार करत बसण्यापेक्षा बेरजेत कोणकोणत्या संख्या जात आहेत हे पाहावे. ज्या ओळीत बेरीज वाढते तिच्या लगेच आधी, त्याच इंडेंटेशनवर (ओळीच्या आरंभी तेवढीच जागा सोडून), संख्या छापणारी एक प्रिंटची ओळ तात्पुरती घाला. पडद्यावर ३, ५, ७, ९, ११, १३, १५, १७, १९ दिसेल. म्हणजे तुमचे फंक्शन मूळ संख्या शोधत नसून १ वगळता सर्व विषम संख्या निवडत आहे. ९ आणि १५ नको असताना आल्या, त्यामुळे २४ वाढले. २ हवी असताना आली नाही, त्यामुळे २ कमी झाले. २४ उणे २ म्हणजे २२. एका आकड्याच्या फरकामागे उलट दिशांनी ओढणारे दोन दोष होते. हे दोन्ही आकडे चुकून सारखे असते, तर उत्तर बरोबर येऊनही फंक्शन चुकीचेच राहिले असते.

९ ला मूळ का ठरवले, हे कळण्यासाठी कागदावर तक्ता करा. महाविद्यालयात याला ड्राय रन म्हणतात, आणि वहीत तो करण्याचा कंटाळा बहुतेक जण करतात. तीन रकाने आखा: विभाजक, भागाकाराची बाकी, आणि पुढे काय झाले. पहिली ओळ: विभाजक २, बाकी १, इफ खोटे, म्हणून एल्स, म्हणून रिटर्न ट्रू. दुसरी ओळ लिहायला तुम्ही विभाजक ३ घ्याल, पण थांबा. रिटर्न लागताक्षणी फंक्शन संपते; लूपच्या उरलेल्या फेऱ्या होत नाहीत. ३ ची फेरी कधीच झाली नाही. तक्त्यात एकच ओळ आहे, आणि हीच तुमच्या प्रोग्रामची मुख्य चूक आहे. लूप लिहिला आहे, पण तो कधीही एकापेक्षा जास्त वेळा फिरत नाही.

यामागे विचाराची एक चूक आहे, ती नीट समजून घ्यावी. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. विभाजकांचे तसे नसते. संख्या मूळ नाही, हे ठरवायला एक विभाजक सापडला की पुरते, म्हणून रिटर्न फॉल्स लूपच्या आत असणे योग्य आहे. संख्या मूळ आहे, हे मात्र सगळे विभाजक तपासून झाल्यावरच म्हणता येते, म्हणून रिटर्न ट्रूची जागा लूप संपल्यानंतर आहे. नकाराला एक पुरावा पुरतो, होकाराला सगळे तपासावे लागतात. यादीत एखादी वस्तू आहे का (येथे बाजू उलटतात: होकाराला एक पुरावा पुरतो), सगळे विद्यार्थी उत्तीर्ण झाले आहेत का, यादी चढत्या क्रमाने आहे का, असे पुढे येणारे कितीतरी प्रश्न याच जातीचे आहेत आणि त्या सर्वांत हीच चूक याच जागी होते.

तेव्हा एल्स काढून टाका आणि रिटर्न ट्रू ही ओळ फॉरच्या सरळ रेषेत आणा. आत फक्त इफ आणि रिटर्न फॉल्स राहील. (एल्स न काढता ते फॉरच्या रेषेत ओढले, तरीही प्रोग्राम चालेल, कारण पायथनमध्ये लूपलाही एल्स जोडता येतो. पण वाचणाऱ्याची दिशाभूल होते, म्हणून सध्या तो मार्ग घेऊ नका.)

२ का वगळली गेली, याचा तक्ता तर आणखी लहान आहे: त्यात एकही ओळ नाही. रेंज(२, २) हा पल्ला रिकामा असतो, लूप एकदाही फिरत नाही, फंक्शन रिटर्नविना संपते आणि नन परत येते. इफपुढे नन आले की पायथन त्याला खोटे समजते. म्हणजे २ मूळ नाही, असे तुमच्या फंक्शनने ठरवले नव्हते. त्याने काही ठरवलेच नव्हते. वर ‘उत्तर: नन’ म्हणून जे उघड दिसले, तेच येथे गुपचूप घडत होते. रिटर्न ट्रू लूपनंतर आणल्यावर २ साठी ट्रू मिळेल आणि हा दोष आपोआप जाईल.

एवढे करून प्रोग्राम चालवला की उत्तर ७८ येईल. येथे घाबरून मागचे बदल रद्द करू नका. ९९ वरून ७८ वर येणे ही प्रगती आहे, आणि फरक १ आहे, म्हणून तात्पुरती प्रिंट पुन्हा पाहा: यादीच्या सुरुवातीला १ दिसेल. १ साठीही लूप रिकामाच असतो. पूर्वी त्यातून नन येऊन १ योगायोगाने वगळली जात होती, आता रिटर्न ट्रूपर्यंत पोहोचून ती मूळ ठरते. एक दोष दुसऱ्या दोषामुळे झाकलेला होता, आणि वरचा काढल्यावर खालचा दिसला. व्याख्येनुसार १ ही मूळ संख्या नाही, तेव्हा मूळ_आहे फंक्शनच्या अगदी सुरुवातीला, लूपच्या आधी, संख्या २ पेक्षा लहान असल्यास रिटर्न फॉल्स अशी अट घाला. बेरजेचा लूप १ ऐवजी २ पासून सुरू करूनही ७७ येईल, हे खरे. पण मग मूळ_आहे हे फंक्शन १ बद्दल खोटे बोलतच राहील आणि दुसऱ्या कोणत्या प्रोग्रामात त्याला बोलावले की तेथे फसवेल. चूक ज्या फंक्शनची, दुरुस्ती त्याच फंक्शनमध्ये.

आता २० साठी ७७ येते. येथे बहुतेक जण जर्नल लिहायला घेतात. तुम्ही २३ घालून पाहा. २३ स्वतः मूळ आहे, म्हणून उत्तर १०० यायला हवे, येईल ७७. पायथनची रेंज शेवटची संख्या धरत नाही, आणि प्रश्नात मर्यादा धरायला सांगितली आहे. तुम्ही मर्यादेला १ मिळवून पाहिला होता, तोच बदल बरोबर होता. फरक पडला नाही, याचे कारण २० ही मूळ संख्या नाही: तिची फेरी झाली काय आणि न झाली काय, बेरीज तीच राहते. बदल केल्यावर उत्तर हलले नाही, एवढ्यावरून तो बदल अनावश्यक ठरत नाही. ज्या उदाहरणावर तो तपासला, त्या उदाहरणात तो दोष दिसण्याची सोय आहे का, हे आधी विचारावे लागते. नमुन्याच्या एकाच उदाहरणावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे असते.

रेंज शेवट का धरत नाही, असा राग नवशिक्यांना येतो, म्हणून थोडे विषयांतर. आरंभ धरावा आणि शेवट सोडावा, या पद्धतीची बाजू डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९८२ मधील एका टिपणात मांडली होती. दोन टोकांची वजाबाकी केली की पल्ल्यात किती संख्या आहेत ते थेट मिळते, आणि एका पल्ल्याचा शेवट हाच पुढच्या पल्ल्याचा आरंभ होतो. रेंज(१, २०) मध्ये २० उणे १ म्हणजे १९ फेऱ्या, हा हिशोब लक्षात ठेवला की शेवटची संख्या विसरणार नाही.

दोन्ही फंक्शनमध्ये ‘संख्या’ हेच नाव असल्याने गोंधळ होतो का, याचे उत्तर नाही असे आहे. मूळ_आहे(संख्या) असे बोलावले की मूल्य आत जाते आणि आतले ‘संख्या’ हे त्या फंक्शनचे स्वतःचे नाव असते. आत त्याला दुसरे मूल्य दिले, तरी बाहेरच्या लूपमधील ‘संख्या’ बदलत नाही. हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर एस्टोनियातील तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठी तयार झालेले थॉनी हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. त्यात फंक्शनला बोलावताच वेगळी खिडकी उघडते आणि त्या खिडकीत त्या फंक्शनची व्हेरिएबल्स वेगळी दिसतात. ‘स्टेप इन्टू’ दिल्यास तुम्ही फंक्शनच्या आत शिरता, ‘स्टेप ओव्हर’ दिल्यास ते आत काय करते हे न पाहता उत्तर घेऊन पुढे जाता. फिलिप गुओ यांनी २०१० मध्ये तयार केलेले पायथन ट्यूटर ब्राउझरमध्येच चालते आणि त्यात मागच्या पायरीवरही जाता येते. मात्र दोन्ही साधने वापरताना ‘पुढे’ दाबण्याआधी आता कोणती ओळ चालेल आणि कोणते मूल्य बदलेल, हे मनात ठरवा. नुसते बटण दाबत राहिल्यास चलच्चित्र पाहिल्यासारखे होते, हाती काही लागत नाही.

फंक्शन वेगवेगळी लिहायला का सांगितली, याचा फायदाही येथे घ्या. बेरीज चुकली की आधी मूळ_आहे या फंक्शनला एकट्याने बोलावून पाहा: १, २, ३, ४, ९ आणि २५ साठी ते काय देते? प्रत्येक संख्येचे अपेक्षित उत्तर आधी वहीत लिहा, मग रन करा. ते सहाही बरोबर आले की बेरजेकडे वळा आणि मर्यादा १, २, ३, ४, १० आणि २३ देऊन अनुक्रमे ०, २, ५, ५, १७ आणि १०० येतात का ते पाहा. लहान मर्यादांत दोष लपायला जागा कमी असते. मर्यादा ३ दिली असती, तर रेंजची चूक तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसली असती. जर्नलमध्येही फक्त २० चे आउटपुट न जोडता २ आणि २३ ची आउटपुट जोडा, आणि तात्पुरत्या प्रिंटच्या ओळी तेवढ्या आठवणीने काढून टाका.

मैत्रिणीने सांगितलेली वर्गमूळाची युक्ती बरोबर आहे. एखादी संख्या मूळ नसेल, तर तिचा १ पेक्षा मोठा किमान एक विभाजक वर्गमूळाइतका किंवा त्याहून लहान असतोच, म्हणून पुढे तपासण्याची गरज नसते आणि लूप बराच लहान होतो. पण ती युक्ती वेग वाढवते, चूक दुरुस्त करत नाही. तुमच्या ९९ च्या प्रोग्रामात ती घातली असती, तरी ९ आणि १५ मूळच ठरल्या असत्या. आधीचा प्रोग्राम सर्व चाचण्यांत बरोबर ठरू द्या, त्याची प्रत वेगळी ठेवा आणि मगच हा बदल करा. तो करतानाही रेंज शेवट सोडते हे विसरू नका: वर्गमूळाच्या पूर्णांकात १ मिळवला नाही, तर ४, ६, ८ आणि ९ या चारही संख्या मूळ ठरतील. बदल झाल्यावर वरच्या सगळ्या संख्या आणि मर्यादा पुन्हा एकदा चालवून पाहा.